एक माप खुंटीला राह्यलं

लई जुनी गोष्ट हाय. किती जुनी ते इचारू नका, तवा वरसं मोजायची पद्धत नव्हती.

ल्हान पोरांनी पुढं बसा, मोठ्यांनी मागं. कुजबूज करायची आसंल तर आत्ताच उठून जावा. मी एकदा सांगतो, परत सांगत न्हाई.

एका डोंगराच्या पोटाशी एक गाव व्हतं. पोरंटोरं धरून चारशेएक डोकी. गाव लई चांगलं न्हाई, लई वाईट न्हाई, जसं गाव असतं तसं. बांधावरनं भांडायचं, लग्नात मानपानावरनं रुसायचं, आन् कोनी मेलं तर भांडान इसरून समद्यात आदी खांदा द्यायला जायचं.

एका उन्हाळ्यात आभाळातनं एक बी पडलं. सुपारीएवढं, काळं, तापलेलं. एका गुराख्याच्या पायापुढं पडलं. त्यानं काठीनं ढकलत नेऊन चावडीमागच्या उकिरड्यात टाकलं. उकिरड्यात काय उगवत न्हाई? त्यातनं वेल आली. पानं हुबेहूब कानाच्या पाळीसारखी, म्हनून लोक तिला कानवेल म्हनायला लागले.

पयल्यांदा एका सासूनं तिचा कोंब कानामागं खोचला. का, तर शोभतो म्हनून. तिचं बघून सुनेनं खोचला. कोंब रुजला, कातडीत मुळं धरली. दुखलं न्हाई. आन् सासूला एकदम सुनेच्या कंबरेतली कळ कळाली. सुनेला सासूच्या मनातली भीती कळाली. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या. त्या दिवशी त्यांचं भांडान मिटलं ते मिटलंच.

आता सासू-सुनेचं भांडान मिटलं म्हनल्यावर गाव हलनारच. दोन वर्सांत घरोघरी कानामागं कोंब आला.

मंग काय झालं ते ऐका. चारशे डोकी व्हती, पन मन एक झालं. एकाला ठाऊक ते समद्यांना ठाऊक. एकाला नांगरता येतं, तर समद्यांना येतं. चोरी बंद झाली, कारन चोर चोरी करायच्या आदीच घरधन्याला कळायचं. खोटं बंद झालं. कापनीला चारशे विळे संगट चालायचे, तोंडातनं सबूद न्हाई. एकानं बोलायला सुरवात करायची, दुसऱ्यानं वाक्य पुरं करायचं.

आन् दुखनं वाटलं जायचं. कुनाचा दात ठनकला तर चारशे जनांच्या दाताला मुंगी चावल्यावानी व्हायचं आन् संपायचं. कुनाचं मानूस मेलं तर चारशे जनांच्या डोळ्यात एकेक थेंब यायचा. थेंब पुसायचा आन् कामाला लागायचं.

हळूहळू नावं गळाली. हाक मारायची गरजच न्हाई तर नाव कशाला? ज्या घराशी दिवस मावळंल त्या घरात पाठ टेकायची. जी भाकरी पुढं यील ती खायची. समदी 'आमी' म्हनायची. वाईट व्हतं असं मी म्हनत न्हाई. मला इचाराल तर अर्ध्याअधिक गावांना असं सुख मिळत न्हाई.

पन एका मानसानं कोंब लावला न्हाई. त्याचं नाव हैबती. तो पायतान शिवायचा.

हैबती गावाच्या कडंला ऱ्हायचा. कातडं कमवायची कुंडं तितं, वास तितं, म्हनून घर तितं. मानूस तापट. कुनी म्हनलं, "हैबतीदादा, जरा लवकर शिवून द्या की," तर हातातली कातडं कापायची रापी बाजूला ठेवून म्हनायचा, "तू शीव. मी तुज्या म्हशी वळतो." पन हातात कला व्हती. त्यानं शिवलेलं पायतान चावत नसे. का चावत नसे? तर तो पाय बघायचा. कातड्याची एक पट्टी घ्यायची, पावलाखाली धरायची, टाच, चवडा, आंगठा जितं यील तितं रापीनं खाच पाडायची, आन् ती पट्टी भितीवरच्या खुंटीला टांगायची. गावातल्या हरएक पायाची पट्टी त्याच्या भितीला व्हती. पोर वाढलं की पट्टी नवी. मानूस मेलं की पट्टी उतरवून त्याच्यासंगं पुरायची. तशी त्याच्या घराची रीत व्हती, बापापासनं आलेली.

गावानं त्याला लई समजावलं. चावडीवरचा म्हातारा पाटील यायचा आन् म्हनायचा, "हैबती, कोंब लाव. तुजी कला आमाला मिळंल."

मागं हुबी असलेली बाई पुरं करायची, "आन् तुजा राग आमी वाटून घिऊ."

हैबती म्हनायचा, "माजा राग माज्याजवळ ऱ्हाऊ द्या. तुमाला पेलायचा न्हाई."

एकदा गावानं त्याच्याबिगर पायतान करून बघितली. चारशे पायांचं मिळून एक माप काढलं, म्हंजे ना मोठं, ना ल्हान, मधलं. त्या मापानं चारशे जोड शिवले. ते एकाच्याबी पायात बसंनात. मोठ्या पायाचे फोड ल्हान पायांनी वाटून घेतले, ल्हान पायाची घसरन मोठ्यांनी. आठ दिवस समदं गाव थोडंथोडं लंगडत व्हतं. मंग गुमान हैबतीच्या दारात आले. तो हसला न्हाई. म्हनला, "पाय पुढं करा. एकेकानं."

आता त्याच्या बायकूचं सांगतो.

तिचं नाव धुरपा. हैबतीला जोड देनारी बाई व्हती. तो ओरडला तर ती दुप्पट ओरडायची, आन् मंग दोघं मिळून जेवायची. कातडं कमवायला बाभळीची साल लागते. ती साल धुरपा आनायची. वढ्यापल्याड बाभळीचं रान व्हतं, कोसभर पसरलेलं. पंधरा दिवसाला जायची, कोयतीनं साल काढायची, भारा डोक्यावर घिऊन यायची.

त्यांना एक पोरगी व्हती, मंजी. दीड वर्साची, नुकती पाय टाकायला शिकलेली. हैबतीनं तिच्या पावलाचं माप घेतलं. आपल्या बोटायेवढी पट्टी. तिला तीन खाचा. पायतान शिवायला घेतली आन् पोरीला ताप भरला. पायतान पुरी झाली न्हाई. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

हैबतीनं तिला पुरली, पन पट्टी उतरवली न्हाई. घराची रीत मोडली. पट्टी खुंटीलाच ठेवली, धुरपाच्या पट्टीशेजारी.

धुरपानं अन्न सोडलं. महिना झाला, भाकरीकडं बघंना. हैबती दुखनं कसं करायचं ते जानत नव्हता, त्याला एकच जमायचं. तो कातड्यावर, कुत्र्यावर, वाऱ्यावर, दिसंल त्याच्यावर ओरडायचा. शेवटी धुरपा एक दिवस उठली, चावडीमागं गेली आन् कोंब खुडून आनला.

"मी लावते," ती म्हनली. "तूबी लाव."

"का म्हनून?"

"हे मला एकलीला उचलत न्हाई. चारशे जन हात लावत्याल."

हैबती बोलला, "माजी पोर मी वाटनार न्हाई. परसाद हाय का ती?"

"तुला रागात जगता येतं, हैबती. मला न्हाई येत."

तिनं कोंब कानामागं खोचला. तितंच, त्याच्यापुढं. लांब शेतात कापनी चालली व्हती. चारशे विळे थांबले. चारशे जनांचं डोळं वलं झालं. मंग समद्यांनी डोळं पुसलं आन् विळे परत चालायला लागले.

धुरपानंबी डोळं पुसलं. हैबतीकडं बघितलं, जसं कुनीबी कुनाकडंबी बघतं. मंग चालायला लागली. घराकडं वळून बघितलं न्हाई. तिला तरी काय म्हनावं? आता समदीच घरं तिची व्हती.

मंजी आता चारशे जनांना थोडीथोडी आठवत व्हती. जेवढी एखाद्याला बाजारात बघितलेली गाय आठवती, तेवढी.

दोन वर्सं गेली. एक गोष्ट तेवढी ऱ्हायली. पंधरा दिवस झाले की धुरपा बाभळीच्या रानात जायची, साल काढायची आन् भारा आनून हैबतीच्या दारात टाकायची. तिला कुनी सांगितलं नव्हतं. वेलीला त्याचं कारन ठाऊक नव्हतं. पायाला ठाऊक व्हतं.

"ठेव तितं," हैबती म्हनायचा. मान वर करायचा न्हाई.

"हे आमी का आनतो ते आमाला कळत न्हाई," ती म्हनायची.

त्यावर त्यानं सांगावं ना? 'तू धुरपा, ही तुजी चूल, बस' असं म्हनावं ना? न्हाई म्हनला. राग धरून बसला. मानूस रागावला की तोंड उघडतं म्हनत्यात. खोटं हाय. कामाच्या वक्ताला नेमकं मिटतं.

मंग एक दिवस, पेरन्या उरकल्यावर, गावाला काईतरी टोचलं.

डाव्या टाचेत. समद्यांच्या. काटा मोडल्यावानी, बारीक. ज्यानंत्यानं पाय उचलून बघितला. काई न्हाई. पाय झटकले, कामाला लागले.

सांजच्याला डाव्या पायाला थोडी धग वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जरा जड झाला. चारशे जनांचा डावा पाय, सारखाच जड. गावानं इचार केला. गाव एकदम इचार करायचं, वेळ लागत नसे. टाचेत टोचतंय, समद्यांच्या टोचतंय, म्हंजे समद्यांच्या पायात जे एकाच हातचं हाय त्याचा दोष. म्हंजे पायतान. म्हंजे हैबती.

उनं वर यायच्या आदी समदं गाव हैबतीच्या दारात. तो आरीनं पायतान शिवत बसलेला.

पाटील म्हनला, "तुज्या पायतानात खिळा—"

एक पोरगी म्हनली, "—ऱ्हायला हाय."

"कुनाच्या?"

"समद्यांच्या," चारशे तोंडातनं एकदम आलं.

हैबतीच्या अंगाची लाही झाली. उठून हुबा ऱ्हायला. "माज्या पायतानात खिळा? आरं, मी बापजन्मात खिळा वापरला न्हाई! कातड्याच्या वादीनं शिवतो मी, वादीनं! चारशे जनांच्यात मिळून एक डोसकं, त्यातबी भुसा भरलाय व्हय? बसा खाली! एकेकानं पाय पुढं करा. ज्याच्यात खिळा निघंल त्याला मी जलमभर फुकट शिवीन. न्हाई निघाला तर एकेकाच्या टाळक्यात हानीन तेच पायतान!"

बसले समदे. हैबतीनं पयला पाय घेतला. पायतान उलटं केलं, सुलटं केलं, आतनं आंगठा फिरवला. खिळा न्हाई. टाच बघितली. डाग न्हाई. भितीवरची त्या पायाची पट्टी उतरवली आन् बाजूला ठेवली, म्हंजे बघितलेला पाय परत बघायला नको. दुसरा घेतला.

त्याला नावं ठाऊक व्हती. गाव इसरलं व्हतं, पन पाय हातात आला की त्याच्या तोंडाला नाव यायचं. "कोंडाजी. ह्यो आंगठा तुज्या बैलानं तुडवला व्हता. जा. ... भागीरथे, तुजी टाच अजून फुटतीच का? चरबी लाव म्हनलो व्हतो. जा."

ती मानसं नुसती बघायची. एखादं म्हनायचं, "असं आमाला काई आठवत न्हाई."

"मला आठवतंय. जा."

उनं डोक्यावर आली, कलली. खिळा कुनाच्यात निघाला न्हाई, आन् टाचेला डाग कुनाच्या निघाला न्हाई. पन पाय बघता बघता हैबतीचा आवाज उतरत गेला, कारन एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला लागली. टोचतंय समद्यांना, आन् टोचलेलं कुनालाच न्हाई. मंग टोचलंय कुनाला?

शेवटचा पाय संपला. दारात बसायला कोनी उरलं न्हाई. हैबती भितीकडं वळला.

भीत रिकामी व्हती. दोन पट्ट्या तेवढ्या लोंबत व्हत्या. एक बोटायेवढी. आन् तिच्या शेजारची, धुरपाची.

तो तितंच हुबा ऱ्हायला. मंग त्याला दुसरं आठवलं. साल संपत आली व्हती, आन् ह्या पाळीला भारा आलाच नव्हता.

"धुरपा कुटं हाय?" त्यानं इचारलं.

"धुरपा कोन?" पाटील म्हनला.

"तुमच्यातली एक. आज हितं आली न्हाई ती."

ह्या गावात एकाला यावंसं वाटलं की समदी यायची. न येनारा कोनी नसायचा. म्हंजे जी आली न्हाई, ती हलू शकत नव्हती.

"तिला चावलंय काईतरी," हैबती म्हनला. "तुमच्या चारशे जनांच्या पायात जी मुंगी हाय, ती एकीच्या पायात इस्तू हाय. बघा तुमच्या त्या वेलीत. ती कुटं पडली हाय?"

गावानं डोळं मिटलं, बघितलं. पाटील म्हनला, "आमाला अंधार दिसतो. कुनीतरी डोळं मिटून पडलंय. पन ते आमच्यातलं कोन, ते आमाला कळत न्हाई."

आता मदल्या दीड दिसात काय झालं व्हतं ते सांगतो. धुरपा साल काढायला गेली व्हती. पाल्यातलं फुरसं, बारका इखारी साप, तिला चावलं, डाव्या टाचेला. तिला किती दुखलं? बाकीच्यांना दुखलं तेवढंच. काटा मोडल्यावानी. तिनं खाली बघितलंबी न्हाई. तिला वाटलं, गावात कुनाला तरी टोचलं. ती साल काढत ऱ्हायली. पाय सुजला, घेरी आली, ती झाडाला टेकून बसली, मंग आडवी झाली. गावाला काळजी नव्हती म्हनून तिलाबी नव्हती.

फुरसं लगीच मारत न्हाई. दोन-तीन दिवस घेतं. त्यातले दीड गेले व्हते.

"रान कोसभर हाय," हैबती म्हनला. "झाडंन् झाड हुडकायचं म्हनलं तर दिवस पुरायचा न्हाई. ते कानामागचं काढा. समद्यांनी. तुमी काढलं की तिचं दुखनं तिच्याकडं परत जाईल. ती वरडंल. मंग कळंल कुटं हाय."

 गावानं इचार केला. मंग पाटील बोलला, अगदी शांत, "हैबती, काढलं तर आमची समदी दुखनी परत येतील. किती वर्सांची साठलेली. चारशे जनांची. आन् तिचं म्हनशील, तर तिला जे आठवतंय ते आमच्यात हायच. ती गेली तरी आमी—"

"—तीनशे नव्यान्नव ऱ्हाऊ," एक बाई म्हनली.

"काईच कमी व्हत न्हाई," पाटलानं पुरं केलं.

दावा नव्हता, कपट नव्हतं त्या बोलन्यात. हिशेब चोख व्हता.

हैबती ओरडला न्हाई. पयल्यांदा ओरडला न्हाई. खुंटीवरनं धुरपाची पट्टी उतरवली. पाटलापुढं धरली. "कमी व्हत न्हाई? ह्या खाचा बघ. टाच अरुंद, चवडा रुंद, करंगळी आत वळलेली. तुज्या उरलेल्या तीनशे नव्यान्नवांतला एक पाय आन, जो ह्याच्यात बसंल. आन, मी गप बसतो."

पाटलानं पट्टीकडं बघितलं. 

तवा हैबतीनं त्याची मान धरली आन् कानामागचा कोंब मुळासकट उपटला. बरोबर केलं का चूक केलं, ते तुमी ठरवा. त्यानं केलं.

पाटील खाली बसला. कानामागनं रगताचा वघळ आला. तो इकडंतिकडं बघायला लागला, झोपेतनं उठवल्यावानी. "माजी म्हातारी कुटं हाय?" तो म्हनला.

"रतनबाई जाऊन नऊ वर्सं झाली, येसाजी पाटील," हैबती म्हनला. "तिची पट्टी तिच्यासंगं मीच पुरली."

"नऊ वर्सं," पाटील म्हनला. "आन् मी रडलो न्हाई?"

"एक थेंब रडलास."

मंग तो म्हातारा रडला. जमिनीवर हात आपटून, ल्हान पोरावानी. नऊ वर्सांचं बाकी ऱ्हायलेलं. गाव बघत व्हतं, पन त्यांना त्यातलं काई कळत नव्हतं. ते एकल्या पाटलाचं व्हतं.

नाक पुसून तो उठला. म्हनला, "काढा. एक बायकू मी ती मेल्यावर हरवली. ही जित्तेपनी हरवतीया. काढा, मी पाटील सांगतोय."

एका बाईनं काढला. तिच्यामागं एका पोरानं. मंग धा जनांनी. आन् हितं एक झालं, ते नीट ऐका. जसजसे लोक कमी व्हत गेले, तसतसं उरलेल्यांच्या पायातलं दुखनं वाढत गेलं. दोनशे उरले तवा ते लंगडायला लागले. पन्नास उरले तवा पाय धरून खाली बसले. धा उरले तवा लोळत व्हते. त्यांना काढा म्हनून सांगायची गरजच पडली न्हाई. शेवटचा एक गुराखी उरला. त्यानं दात खाऊन कोंब उपटला आन् उताना पडला.

घटकाभर काईच न्हाई.

मंग वढ्यापल्याडनं किंकाळी आली.

तशी किंकाळी त्या गावानं कैक वर्सांत ऐकली नव्हती. एका मानसाची, अख्खी. हैबती कधी पळाला ते कुनी बघितलं न्हाई. धोतराचा काचा सुटलेला, पायात काई न्हाई, बाभळीचे काटे तुडवत गेला. पायतान शिवनारा मानूस अनवानी. मागं गाव.

धुरपा रानाच्या पार टोकाला व्हती, सालीच्या भाऱ्याजवळ. डावा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडलेला. हैबती तिच्याजवळ बसला. तिच्या कानामागचा कोंब उपटला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. आता कुनीबी कुनाकडं बघतं तसं न्हाई. पायाचं नाव काढलं न्हाई तिनं. इचारलं, "हैबती, मंजीला कुटं निजवलीस रं?"

दोन वर्सांत तिला ते ठाऊक नव्हतं. इचारायचं असतं हेबी ठाऊक नव्हतं.

"चिंचंखाली," तो म्हनला. "बांधाच्या आतल्या अंगाला. सावली असती तितं."

"मला दाव."

"दावतो. आदी जग."

त्यानं तिला पाठुंगळी घेतली. ती त्याच्या खांद्यावर तोंड ठिवून रडत व्हती, पायासाठी थोडं आन् पोरीसाठी लई. तोबी रडत व्हता. दोघांचं दोघांनी उचललं.

गावात झाडपाल्याचं बघनारी एक म्हातारी व्हती. वेलीत असताना झाडपाला समद्यांना येत व्हता, आता परत तिला एकलीलाच येत व्हता. तिला तीन दिवस पाला वाटून लेप लावावे लागले, पन धुरपा वाचली. डावं पाऊल मातूर गेलं. हैबतीनं बाभळीच्या लाकडाचं पाऊल केलं, त्याला कातडं चढवलं. ती म्हनली, "चावतंय." तो म्हनला, "लाकूड हाय ते, चावनारच." ती म्हनली, "तुज्या हातात कला ऱ्हायली न्हाई." त्यानं ते सात वेळा सोडून सात वेळा शिवलं.

गावाचं म्हनाल, तर महिनाभर गावात रडन्याबिगर दुसरा आवाज नव्हता. मंग चौथ्या आठवड्यात बांधावरनं पयलं भांडान झालं. सासू-सुनेचंबी परत जुंपलं. लोक नावानं हाका मारायला लागले. एकदोघं चोरी करताना घावले.

कानवेल कुनी जाळली न्हाई. अजून हाय म्हनत्यात. कुनाला दुखनं एकल्याला उचलंना झालं तर तो अजून कोंब लावतो, आन् चार जन त्याच्यासंगं लावत्यात. पन रीत ठरली. आदी हैबतीच्या वट्यावर जायचं. आपलं माप खुंटीला हाय ते बघायचं. आपलं नाव घ्यायचं, दुखनं कुनाचं ते मोठ्यांदा सांगायचं. आन् दुसरा दिवस उजाडायच्या आत कोंब काढायचा.

वट्यावर बसलेलं एखादं नवं मानूस भितीकडं बघून इचारायचं, "ही बोटायेवढी पट्टी कुनाची?"

हैबती मान खाली घालून शिवत ऱ्हायचा. उत्तर द्यायचं काम त्याचं नव्हतं.

"मंजीची," आतनं धुरपा म्हनायची. "माज्या पोरीची."

बोध एवढाच: दुखनं वाटून घ्या, पन ते कुनाचं हाय हे इसरू नका, कारन ज्याचं दुखनं कुनाचंच न्हाई, त्याला हुडकायला कोनी जात न्हाई.